शिंगं नसलेले व्हायकिंग आणि एकसरचे दगड

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही किल्ला करता ना? आमच्या अंबाडीच्या घरीही दरवर्षी अंगणात किल्ला होतो. अंबाडी म्हणजे भिवंडी-वाडा रस्त्यावरचं गाव. नाक्यावरून एक फाटा वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे जातो. तिथं गरम पाण्याची कुंडं आहेत, त्यामुळे नाक्यावर सदा गर्दी. गावाचं नाव सांगितलं की शहरातले लोक हमखास विचारतात, "भाजीचं नाव?" हो बाबांनो, भाजीचंच! आंबट, लसूण घालून केलेली आणि तांदळाच्या भाकरीबरोबर खायची ती अंबाडी.

यंदा माझी भाची आणि भाचा सुट्टीला आजोळी आले होते. भाची आठवीत, भाचा पाचवीत. दोन दिवस चिखलात लोळून दोघांनी शिवनेरी उभारली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून आजीची हाक आली.

"अरे, माझ्या डब्यातल्या लवंगा कुणी संपवल्या?"

कुणीच बोलेना. मी किल्ल्यापाशी गेलो तर काय! पायथ्याशी एक परात पुरलेली, तिच्यात पाणी आणि पाण्यात कागदी होडी. होडीत मातीचे सहा शिपाई आणि प्रत्येकाच्या डोक्यात दोन-दोन लवंगा खोचलेल्या!

"हे कोण रे?"

"व्हायकिंग!" भाचा छाती फुगवून म्हणाला. "ते शिवनेरीवर हल्ला करणार आहेत."

"शिवनेरीला समुद्र कुठाय, वेड्या?" ताईनं टपली मारली.

"आणि व्हायकिंगांना शिंगं कुठायत?" मी म्हटलं.

आता मात्र दोघंही एकदम माझ्याकडे बघायला लागली. "मामा, असं काय करतोस? कार्टूनमध्ये असतात की!"

तुम्हालाही असंच वाटतं का, दोस्तांनो? मग ऐका. उत्तर युरोपातल्या नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क या देशांतले हे लोक. साधारण इसवी सन 793 ते 1066 हा त्यांचा काळ मानतात. त्या काळातलं शिंगवालं एकही शिरस्त्राण आजवर सापडलेलं नाही. नॉर्वेत 1943 साली येर्मुंदबू इथं त्यांचं एक लोखंडी शिरस्त्राण सापडलं. ते गोल टोपीसारखं आहे आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी आहे. शिंगं नाहीत! डेन्मार्कमध्ये शिंगवाली शिरस्त्राणं मिळाली खरी, पण ती व्हायकिंगांच्याही दीड हजार वर्षं आधीची.

"मग शिंगं आली कुठून?"

नाटकातून! जर्मनीत 1876 मध्ये वाग्नर या संगीतकाराचं एक भलंमोठं संगीत नाटक रंगमंचावर आलं. त्यातल्या काही पात्रांच्या डोक्यावर वेशभूषाकारानं शिंगं चढवली. लोकांना ती इतकी आवडली की पुढे चित्रांत, पुस्तकांत, सिनेमांत सगळीकडे तीच. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका शिंप्याची करामत म्हणा ना!

भाच्याचा चेहरा उतरला. त्याला खूश करायला मी आणखी गमती सांगितल्या. व्हायकिंग म्हणजे घाणेरडे, केस पिंजारलेले राक्षस, असं आपल्याला वाटतं. पण त्यांच्या कबरींमध्ये सांबराच्या जातीच्या प्राण्यांच्या शिंगांपासून केलेले सुबक कंगवे सापडतात. त्यांच्या भाषेत शनिवारचं नावच मुळी 'अंघोळीचा वार'. त्यांच्यातले बहुतेक जण शेती करणारे आणि गुरं-मेंढ्या पाळणारे. घराच्या आणि धान्याच्या किल्ल्या बायकांच्या कमरेला, आणि नवऱ्याशी पटलं नाही तर बाईला काडीमोड घेता येई. तुमच्या मोबाइलमध्ये ब्लूटूथ असतं ना? ते हाराल्ड ब्लूटूथ या दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या राजाचं नाव आहे! त्याच्या नावाची दोन आद्याक्षरं त्यांच्या जुन्या लिपीत एकमेकांवर ठेवली की ब्लूटूथचं चिन्ह तयार होतं.

"म्हणजे चांगले होते तर," भाची म्हणाली.

"तसंही नाही. मठ लुटायचे, गावं जाळायचे, माणसं पकडून गुलाम म्हणून विकायचे. हेही खरंच आहे."

भाचा तोवर होडीकडे बघत होता. "पण मामा, जहाजं तरी खरी होती ना?"

जहाजं मात्र खरीखुरी! नॉर्वेत 1880 मध्ये गोकस्टाड गावी मातीच्या ढिगाखालून अख्खं जहाज निघालं. लांबी सुमारे 23 मीटर, म्हणजे आपल्या दोन एस.टी. गाड्या एकापुढे एक लावल्या तेवढी. दोन्ही बाजूंना सोळा-सोळा वल्ही. फळीवर फळी थोडी चढवून लोखंडी खिळ्यांनी जोडलेली. शीड लोकरीचं! एका मोठ्या शिडाला शेकडो मेंढ्यांची लोकर लागे. त्या जहाजाची हुबेहूब नक्कल करून 1893 मध्ये काही खलाशी नॉर्वेहून निघाले आणि साधारण चार आठवड्यांत अटलांटिक महासागर ओलांडून पलीकडे पोचले. पुढे ते जहाज शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गेलं. त्याच वर्षी त्याच शहरात स्वामी विवेकानंदांचं भाषण गाजलं होतं, हे तुम्ही शाळेत शिकला असालच. आणि खुद्द व्हायकिंग तर कोलंबसाच्या कितीतरी आधी अमेरिकेत पोचले होते. कॅनडाच्या किनाऱ्यावर त्यांची वस्ती सापडली आहे. तिथलं एक लाकूड 1021 सालीच तोडलेलं होतं, असं शास्त्रज्ञांनी झाडाच्या वलयांवरून 2021 मध्ये दाखवून दिलं.

भाचा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "आपल्याकडे त्या वेळी काहीच नव्हतं का रे?"

बालमित्रांनो, हा प्रश्न मला टोचला. शिवाजी महाराजांचं आरमार सगळ्यांना ठाऊक असतं. महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि मग इथल्याच खाडीत आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात झाली. पण ते सतराव्या शतकात. व्हायकिंगांचा काळ त्याच्याही सहा-सातशे वर्षं आधीचा. तेव्हा आपल्या कोकणात कोण होतं?

तेव्हा इथं शिलाहार राजे होते. आमच्या भिवंडी तालुक्यात भादाणे नावाचं गाव आहे. शिलाहार राजा अपराजित यानं ते गाव देवाला दान दिलं, त्याचा ताम्रपट शके 919 चा, म्हणजे इसवी सन 997 चा आहे. व्हायकिंगांचा लेफ एरिक्सन अमेरिकेकडे निघाला तो याच सुमाराला! अंबरनाथचं शिवमंदिरही शिलाहारांचंच. तिथल्या शिलालेखाचं साल 1060.

"देऊळ नको, जहाज दाखव," भाचा हटूनच बसला.

"चल, उद्या दाखवतो. पण लवकर उठायचं!"

रात्री आजी पडवीत बसली होती. आमचं बोलणं ऐकून म्हणाली, "बाळांनो, जहाजाला दोर लागतो. आमच्या लहानपणी अंबाडीची ताटं पाण्यात कुजत घालायचे आणि मग त्यांची साल सोलून दोर वळायचे. भाजी पोटात आणि दोर गुरांच्या गळ्यात!" आता बघा गंमत. व्हायकिंग झाडाच्या सालीचे आणि वॉलरस नावाच्या समुद्री प्राण्याच्या कातड्याचे दोर वापरत. आपल्याकडच्या जहाजांत तर दोरानंच फळ्या शिवत! नारळाच्या काथ्यानं शिवलेली ही जहाजं बघून परदेशी प्रवासी चकित होत. लोखंडी खिळा न मारता जहाज अरबस्तानापर्यंत जायचं.

सकाळी आम्ही वज्रेश्वरीच्या रस्त्यानं निघालो. शेतात भात कापून आडवं पडलेलं, धुक्यात तानसा नदी दिसत होती. हीच तानसा पुढं वैतरणेला मिळते आणि वैतरणा समुद्राला. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी आप्पांच्या नवसाचं. त्यांनी 1739 मध्ये वसई जिंकली, तो नवस. देवीच्या नावात इंद्राचं वज्र आहे, तसा व्हायकिंगांचा थोर नावाचा देव हातोडा फेकून वीज पाडायचा. इंग्रजीत गुरुवारला 'थर्सडे' म्हणतात ना, तो 'थोरचा वार'!

शिरसाड फाट्यावरून विरार गाठलं आणि लोकल पकडली. पुढचं स्टेशन नालासोपारा. "उतरायचं?" भाचीनं विचारलं. आज नाही, पण नाव लक्षात ठेवा. हे जुनं शूर्पारक बंदर. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा इथं मिळाला आणि 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उकरला.

वसई, नायगाव गेलं आणि गाडी पुलावर धडधडू लागली. खाली वसईची खाडी, होड्या, मचवे. मी म्हटलं, "व्हायकिंग या शब्दाचा अर्थ काय, सांगा बरं?" एक मत असं आहे की त्यांच्या भाषेत 'विक' म्हणजे खाडी, त्यावरून हे नाव पडलं.

"म्हणजे खाडीवाले!" भाचा ओरडला. डब्यातले सगळे हसायला लागले. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या कोळीणमावशी म्हणाल्या, "मंग आमी पन तेच की रं!"

मग मी त्यांना एका प्रवाशाची गोष्ट सांगितली. मसूदी हा बगदादचा माणूस. तो 916 साली आपल्या चौलच्या बंदरात आला होता. तिथं तेव्हा झंझ नावाचा शिलाहार राजा कारभार बघत होता. चौलमध्ये अरबस्तान-इराणकडून आलेले हजारो व्यापारी राहतात, असं मसूदीनं लिहून ठेवलंय. आणि त्याच ग्रंथात त्यानं कॅस्पियन समुद्रावर जहाजांतून येऊन लूट करणाऱ्या 'रूस' लोकांचीही हकिकत दिली आहे. हे रूस म्हणजे पूर्वेकडे आलेले व्हायकिंगच! आपलं चौल आणि व्हायकिंग एकाच ग्रंथात, आहे की नाही नवल? वस्तूही अशाच फिरल्या. स्वीडनमधल्या हेल्गो बेटावर हिंदुस्थानच्या वायव्य भागात घडवलेली बुद्धाची छोटी ब्राँझची मूर्ती मिळाली. गोटलँड बेटावर 1999 मध्ये जमिनीखालून 67 किलो चांदी निघाली, तिच्यात चौदा हजारांवर अरबी नाणी होती.

बोरिवलीला उतरून पश्चिमेला एकसर. आता तिथं मेट्रोचं एकसर नावाचं स्थानकही आहे. उंच इमारती, दुकानं, रिक्षांची पीं पीं. विचारत विचारत जुन्या वस्तीत शिरलो आणि भाची थबकली. "मामा, ते बघ!"

माणसापेक्षा उंच काळे दगड. कुणीतरी फुलं वाहिलेली. यांना वीरगळ म्हणतात. लढाईत पडलेल्या वीराची आठवण म्हणून असा दगड उभा करायची आपल्याकडे पद्धत होती. तो वाचायचा खालून वर. खाली लढाई, वर त्या वीराचं स्वर्गात जाणं आणि शेवटी देवाचं दर्शन.

एकसरचे वीरगळ खास आहेत, कारण यांतल्या काहींवर समुद्रातली लढाई आहे! एका दगडावर अगदी खाली पाच जहाजांची रांग. नाळ उंच चोचीसारखी वर गेलेली. मधे डोलकाठी. बाजूला वल्ह्यांची ओळ. भाचा बोट न लावता मोजायला लागला. "सात... आठ... नऊ!" त्याच्या वरच्या पट्टीत जहाजं एकमेकांना भिडलेली आणि जखमी माणसं पाण्यात पडताहेत. त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा करणारे वीर आणि अप्सरा.

"अप्सरा कशाला?"

"वीराला वर न्यायला."

गंमत म्हणजे व्हायकिंगांचीही अगदी अशीच समजूत होती. लढाईत पडलेल्या वीराला वाल्किरी नावाच्या देवकन्या ओडिन देवाच्या महालात नेतात. हजारो कोसांवरची माणसं, एकमेकांना कधी न भेटलेली, आणि कल्पना सारखीच!

हे दगड नेमके कधीचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काही जण ते 1265 च्या सुमाराचे मानतात. तेव्हा देवगिरीचा यादव राजा महादेव आणि शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांची लढाई झाली आणि सोमेश्वर समुद्रात बुडाला. काही जण हे दगड त्याच्याही आधीचे, अकराव्या-बाराव्या शतकातले मानतात.

भाचा बराच वेळ पाण्यात पडणाऱ्या माणसांकडे बघत होता. मग म्हणाला, "मामा, यांचं नाव काय होतं?"

त्या वीराचं नाव आज कुणालाच ठाऊक नाही. मी त्याला स्वीडनमधल्या दगडांबद्दल सांगितलं. तिथं असे अडीच हजारांच्या आसपास स्मारकदगड आहेत, पण त्यांच्यावर लेख आहेत. कोणी, कोणासाठी दगड उभा केला, ते कोरलेलं असतं. ग्रिप्सहोम किल्ल्यापाशी एक दगड आहे. तोला नावाच्या आईनं तो आपला मुलगा हाराल्ड याच्यासाठी उभा केला. तो सोन्यासाठी दूर पूर्वेकडे गेला आणि परत आलाच नाही, असं त्यावर सांगितलं आहे.

"त्यांच्याकडे नाव आहे आणि आपल्याकडे चित्र," भाची म्हणाली.

"यांची पण आई असेल ना?" भाचा म्हणाला.

मी काहीच बोललो नाही. असणारच की. ती याच किनाऱ्यावर, अशाच एखाद्या खाडीच्या तोंडाशी वाट बघत उभी राहिली असेल.

दगड काही ठिकाणी झिजून गुळगुळीत झालेत. भाच्यानं खिशातून खडू काढला. "रेषा नीट दिसत नाहीत, गिरवू का?" मी त्याचा हात धरला. मुलांनो, हे कायम लक्षात ठेवा. जुन्या कोरीव दगडावर खडू, रंग, तेल, पाणी काही लावायचं नाही आणि तो घासायचाही नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की रेषा आपोआप उठून दिसतात. वहीत चित्र काढा, फोटो घ्या. व्हायकिंगांची जहाजं मातीत झाकली गेली म्हणून टिकली आणि लोकांनी ती जपून संग्रहालयात ठेवली. म्हणून तर त्यांच्यावर सिनेमे निघतात. आपल्या गरम, खारट पाण्यात त्या वेळची लाकडी जहाजं कधीच कुजून गेली. त्यांचं रूप उरलंय ते अशा मोजक्या दगडांवर. ते झिजले, तर ती जहाजं दुसऱ्यांदा बुडाली म्हणायची.

भाच्यानं खडू खिशात टाकला आणि ताईची वही मागून घेतली. तासभर दोघं उन्हात उभं राहून चित्र काढत होती. जाणारे-येणारे थांबून विचारत, "काय बघताय?" भाचा प्रत्येकाला सांगे, "जहाजं! नऊ वल्ह्यांची." एक आजोबा चष्मा सावरत म्हणाले, "रोज नमस्कार करतो मी इथं. पण जहाज आज पाहिलं."

अंधार पडता पडता आम्ही अंबाडीला पोचलो. हातपाय न धुताच भाचा किल्ल्याकडे पळाला. जेवायला हाका मारून मारून आजी थकली. शेवटी मीच कंदील घेऊन गेलो. परातीत आता दोन होड्या होत्या. नव्या होडीची नाळ उंच होती आणि खराट्याच्या काड्यांची नऊ वल्ही मला दिसली. जुन्या होडीतल्या सहा शिपायांच्या डोक्यांत नुसतीच भोकं होती.

काठावर ओल्या मातीची आणखी एक छोटी बाहुली उभी होती, समुद्राकडे तोंड करून.

"ही कोण रे?"

"आई," तो म्हणाला. "दोन्ही होड्यांची."

आणि लवंगा? त्या आजीच्या डब्यात परत गेल्या, थोड्या मातकट झालेल्या!

दोस्तांनो, तुमच्याही गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात, पारावर असे वीरगळ असतील. सुट्टीत शोधा. खालून वर वाचा, चित्र काढा आणि तो वीर कशासाठी लढला असेल, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. चित्रात कुठं जहाज दिसलं, तर वल्ही मोजायला मात्र विसरू नका!